कान्नोनच्या मूर्तीत दडलेली मारिया : जपानच्या गुप्त ख्रिश्चनांकडून काय शिकायचे?

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या काही छोट्या मूर्ती आहेत. एक शांत चेहऱ्याची स्त्री आणि तिच्याजवळ एक बाळ. कोणीही बौद्ध माणूस पाहताच म्हणेल की ही कान्नोन, म्हणजे आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. पण ज्या शेतकऱ्यांच्या घरांतून या मूर्ती जप्त झाल्या ते तिला ‘हांता मारुया’ म्हणत. हा सांता मारिया या नावाचा त्यांच्या तोंडी बसलेला उच्चार. नागासाकीजवळच्या उराकामी गावात १८५६ साली सुरू झालेल्या धरपकडीत त्या सरकारच्या हाती लागल्या. आज अशा मूर्तींना ‘मारिया कान्नोन’ म्हणतात. दोन धर्मांच्या सलोख्याचे प्रतीक म्हणून त्यांची छायाचित्रे फिरत असतात. पण हा खरेच सलोखा होता का?

अवलोकितेश्वराचा प्रवास

अवलोकितेश्वर महाराष्ट्राला परका नाही. औरंगाबादच्या सातव्या लेणीत तो उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आग, साप, हत्ती, बुडते जहाज अशा संकटांत सापडलेली माणसे त्याला हाक मारताना कोरली आहेत. कान्हेरीतही असे शिल्प आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चिनी भाषांतराबरोबर हा बोधिसत्त्व चीनमध्ये गेला. जगाचा आक्रोश ऐकणारा, या अर्थाने त्याला तिथे क्वानयिन म्हणू लागले. याच सूत्रात, मूल हवे असलेल्या स्त्रीची इच्छा तो पूर्ण करतो, असेही म्हटले आहे. भारतात पुरुषरूपात असलेला हा बोधिसत्त्व चीनमध्ये हळूहळू स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. फुजियान प्रांतात पांढऱ्या चिनी मातीच्या बाळासह असलेल्या क्वानयिनच्या मूर्ती मोठ्या प्रमाणावर घडत. तिथून त्या जपानमध्ये पोचल्या.

गोव्याहून निघालेली मारिया

मारियाचा जपानकडचा प्रवास गोव्यातून झाला. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस मलाक्क्यात फ्रान्सिस झेवियरला भेटला. पुढे तो गोव्यात आला आणि १५४८ साली तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याला सोबत घेऊन झेवियर कागोशिमाला उतरला तो दिवस होता १५ ऑगस्ट १५४९, म्हणजे मारियाच्या स्वर्गारोहणाचा सण. झेवियरच्या पत्रात एक प्रसंग आहे. अंजिरोने तिथल्या सरदाराला मारियाचे चित्र दाखवले. सरदाराने गुडघे टेकले आणि त्याच्या आईने तसेच चित्र आपल्यालाही मिळावे अशी इच्छा व्यक्त केली.

हे धर्मांतर होते का? नव्हते. भारतातून, म्हणजे बुद्धाच्या देशातून, आलेले हे लोक एखादा नवा बौद्ध पंथच घेऊन आले आहेत, असे अनेकांना वाटले. त्यात ईश्वराला जपानी शब्द हवा म्हणून अंजिरोने ‘दाइनिची’ हे नाव सुचवले. दाइनिची म्हणजे वैरोचन बुद्ध! त्यामुळे शिंगोन पंथाच्या भिक्खूंनी सुरुवातीला या पाहुण्यांचे स्वागतच केले. चूक लक्षात आल्यावर झेवियरने तो शब्द टाकला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्द वापरायला सुरुवात केली. मूर्ती सारखी दिसली, शब्द सारखा वाटला, म्हणून विचार एक होत नाहीत. हे त्यालाही कळून चुकले.

विहार जेव्हा पोलीस चौकी होतो

पुढच्या काही दशकांत क्युशू बेटावर हजारो लोक कॅथलिक झाले. राज्यकर्त्यांना यात परकीय सत्तेचा शिरकाव दिसू लागला. १५९७ मध्ये नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारले गेले. १६१४ मध्ये तोकुगावा सत्तेने देशभर बंदी घातली. लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मारियाच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. जो कचरेल तो संशयित.

इथे एक गोष्ट आपण बौद्धांनी टाळून पुढे जाऊ नये. या दडपशाहीत बौद्ध मंदिरांचा वापर झाला. प्रत्येक कुटुंबाने कोणत्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचे आणि आपण ख्रिश्चन नाही असा दाखला तिथून घ्यायचा, असा नियम झाला. घरात मृत्यू झाला की त्याच मंदिराच्या भिक्खूने अंत्यविधी करायचा. करुणा शिकवणाऱ्या धम्माची वास्तू अशा रीतीने सत्तेचे नोंदणी कार्यालय बनली.

घरात बाळासह कान्नोन असणे यात संशयास्पद काहीच नव्हते. म्हणून लोकांनी ती मूर्ती ठेवली आणि तिच्यासमोर मारियाची प्रार्थना केली. प्रतिमेवर पाय ठेवून आले की घरी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. भिक्खू अंत्यविधीचे सूत्रपठण करत असताना त्याचा परिणाम पुसण्यासाठी गुपचूप वेगळी प्रार्थना म्हणायचे. जे सूत्र आपण मंगल मानतो ते या माणसांना पुसून टाकावेसे वाटत होते, कारण ते त्यांच्यावर लादलेले होते. सक्तीने कानावर पडलेला धम्म हा धम्म राहत नाही.

दोनशे वर्षांनंतर

दोनशेहून अधिक वर्षे या लोकांत एकही पाद्री नव्हता. गावातलीच माणसे बाप्तिस्मा देत आणि सणांचे दिवस मोजत. प्रार्थना तोंडी चालत राहिल्या, शब्द झिजले, बदलले. मग परदेशी लोकांसाठी नागासाकीत ओउरा इथे चर्च बांधले गेले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही लोक तिथे आले. त्यांच्यातल्या एका स्त्रीने फ्रेंच पाद्री पतिजाँ यांना हळूच सांगितले की आमचे मन आणि तुमचे मन एकच आहे. आणि तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

बंदी मात्र उठलेली नव्हती. १८६७ साली उराकामीच्या लोकांनी आपल्या मृतांचे अंत्यविधी मंदिराकडून करून घ्यायला उघड नकार दिला. त्यावरून अटकसत्र सुरू झाले. पुढे नव्या मेइजी सरकारने तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना घरादारासह देशभर हद्दपार केले. त्यातले सहाशेहून अधिक मेले. परदेशातून टीका वाढल्यावर १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरवले गेले आणि उरलेले लोक गावी परतले.

सगळे गुप्त ख्रिश्चन मात्र चर्चमध्ये गेले नाहीत. काहींनी पूर्वजांची पद्धत तशीच चालू ठेवली. ज्या रूपात आईवडिलांनी मारियाला जपले तेच त्यांना खरे वाटले. २०१८ मध्ये नागासाकी परिसरातली यांची स्थळे जागतिक वारसा यादीत आली.

सलोखा आणि नाइलाज

मारिया जगात अनेक रूपांत दिसते. मेक्सिकोत ग्वादालुपेची मारिया सावळी आहे, तमिळनाडूत वेलांकण्णीला ती साडी नेसते, वांद्र्याच्या मोत माउलीला सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या वाहतात. तिथे हे उघड्यावर घडते आणि चर्चलाही ते मान्य आहे. मारिया कान्नोनचे तसे नाही. ती भीतीपोटी आणि नाइलाजाने जन्मली. तिला सलोखा म्हणणे म्हणजे सोसणाऱ्यांचे दुःख विसरून सोसायला लावणाऱ्यांना सोडून देणे आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरच्या देशाचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. काय सोडले आणि काय स्वीकारले, हे त्यात मोठ्या आवाजात सांगितले आहे. राज्यघटनेच्या कलम २५ मुळे ते उघडपणे करता आले. उराकामीच्या शेतकऱ्यांना ही सोय नव्हती, म्हणून त्यांना आपली श्रद्धा दुसऱ्याच्या मूर्तीत लपवावी लागली.

आजही आपल्यापैकी काहींच्या घरात बुद्धमूर्ती दर्शनी भागात आणि जुने देव कपाटात असतात. त्यांच्यावर कोणाची सक्ती नाही. मग ते देव तिथे कशासाठी, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आणि धर्म बदलणाऱ्या माणसाला, मग तो आपल्याकडे येवो वा आपल्याकडून जावो, सरकारी दाखला मागणारे कायदे जेव्हा येतात तेव्हा उराकामी आठवावे. ज्याला उघडपणे नाही म्हणता येते, त्याच्याच हो म्हणण्याला किंमत असते.