ब्रिटिश ब्लूजची घडण (लेखांक सहावा) : चौकटीबाहेरचा ब्लूज – ‘देन प्ले ऑन’

जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या संचातून बाहेर पडलेल्या वादकांनी इंग्लंडमधील ब्लूज कोणकोणत्या वाटांनी पुढे नेला, याचा विचार मागील लेखांकापासून सुरू झाला आहे. त्या वाटांपैकी सर्वांत धाडसी, आणि नंतरच्या काळात त्याच संचाच्या अफाट लोकप्रियतेखाली झाकली गेलेली वाट म्हणजे फ्लीटवुड मॅकचा ‘देन प्ले ऑन’ हा १९६९ सालचा अल्बम होय. फ्लीटवुड मॅक म्हटले की बहुतेकांना १९७७ सालचा ‘रूमर्स’ आठवतो. परंतु तो अल्बम करणारा संच आणि प्रस्तुत अल्बम करणारा संच यांत ढोलवादक मिक फ्लीटवुड आणि बेस गिटार वाजवणारे जॉन मॅकव्ही हे दोघेच समान होते. १९६९ सालचा फ्लीटवुड मॅक हा पीटर ग्रीन यांचा संच होता, आणि ग्रीन यांच्यापुढचा प्रश्न असा होता की, दुसऱ्या खंडातील, दुसऱ्या समाजाच्या वेदनेतून जन्मलेला हा संगीतप्रकार अनुकरणाच्या पलीकडे जाऊन प्रामाणिकपणे गाता-वाजवता येईल काय.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी ब्लूजच्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. ब्लूजचा सर्वपरिचित साचा ‘बारा बारां’चा असतो, बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड, त्यामुळे एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे होते. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर, म्हणजे षड्जावर उभारलेल्या स्वरसमूहावर जातात. नंतरचे दोन मध्यमाच्या कॉर्डवर, पुन्हा दोन षड्जाच्या, मग एक पंचमाच्या, एक मध्यमाच्या, आणि शेवटचे दोन परत षड्जाच्या कॉर्डवर येतात. शब्दांतही पहिली ओळ दोनदा म्हणून तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. मिसिसिपीच्या कापूसशेतीच्या प्रदेशातून शिकागोसारख्या औद्योगिक शहरांत आलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी या साध्या साच्यात अपार विविधता आणली, कारण साचा त्यांच्या अंगवळणी पडलेला होता आणि त्यातून बोलण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते. १९५८ साली मडी वॉटर्स यांनी इंग्लंडचा दौरा करून विद्युत गिटारवरचा ब्लूज तेथे प्रत्यक्ष ऐकवला आणि पुढील दशकात लंडनच्या क्लबांमधून तरुण वादकांची एक पिढी तयार झाली. या पिढीची निष्ठा निर्विवाद होती. मात्र निष्ठेच्या भरात तिने साच्यालाच ब्लूज मानले, अमेरिकेतून मागवलेल्या तबकड्यांवरील वादन स्वरन्‌स्वर उतरवणे हीच प्रामाणिकपणाची कसोटी ठरवली, आणि त्यामुळे त्या काळातले कितीतरी इंग्रजी ब्लूज अल्बम आज ऐकताना उत्तम हस्ताक्षरात काढलेल्या नकलेसारखे वाटतात.

फ्लीटवुड मॅकचाही आरंभ याच शिस्तीत झाला. एरिक क्लॅप्टन ‘ब्लूजब्रेकर्स’ सोडून गेल्यावर १९६६ साली त्यांच्या जागी आलेले ग्रीन हे लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील ज्यू कुटुंबात १९४६ साली जन्मले होते. वर्षभरातच त्यांनी स्वतःचा संच काढला, त्याला स्वतःचे नाव न देता ताल सांभाळणाऱ्या दोघा सहकाऱ्यांच्या आडनावांवरून ‘फ्लीटवुड मॅक’ हे नाव दिले, आणि ऑगस्ट १९६७ मध्ये विंडसरच्या जॅझ व ब्लूज महोत्सवात हा संच प्रथम लोकांसमोर आला. फेब्रुवारी १९६८ मध्ये निघालेला पहिला अल्बम पारंपरिक ब्लूजचा होता आणि तो चांगलाच खपला. त्याच वर्षीच्या ‘मिस्टर वंडरफुल’मध्ये मात्र साच्याची मर्यादा उघडी पडली. संचातील दुसरे गिटारवादक जेरेमी स्पेन्सर हे एल्मोर जेम्स यांच्या स्लाइड शैलीचे, म्हणजे बोटात घातलेली नळी तारांवरून सरकवत स्वर काढण्याच्या पद्धतीचे, निस्सीम भक्त होते, आणि त्या अल्बममधील त्यांची अनेक गाणी जवळजवळ एकाच सुरावटीने सुरू होतात. भक्ती आणि सर्जन यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच कानी पडते.

ग्रीन यांनी या कोंडीतून काढलेला मार्ग दोन टप्प्यांत दिसतो. ऑगस्ट १९६८ मध्ये त्यांनी अठरा वर्षांच्या डॅनी कर्वन याला तिसरा गिटारवादक म्हणून संचात घेतले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच ‘अल्बाट्रॉस’ ही शब्दविरहित रचना निघाली, जी १९६९ च्या आरंभी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तिच्यात बारा बारांचा साचा नाही, उंच पट्टीतला आक्रोश नाही. मऊ टोकाच्या काठ्यांनी वाजवलेले ढोल आणि त्यांवर संथपणे तरंगणाऱ्या गिटारी एवढेच आहे. जानेवारी १९६९ मध्ये हा संच शिकागोच्या चेस स्टुडिओत ओटिस स्पॅन, विली डिक्सन, बडी गाय यांसारख्या दिग्गजांबरोबर बसून वाजवत होता. ज्यांची नक्कल करायची त्यांच्या शेजारी बसून वाजवण्याचा मान मिळाल्यावर नकलेला काही अर्थ उरत नाही, आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘देन प्ले ऑन’ शिकागोपासून इतका दूर का आहे, याचे एक उत्तर या प्रसंगात शोधता येते.

सप्टेंबर १९६९ मध्ये रीप्राइज कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या अल्बमचे शीर्षक शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकाच्या पहिल्याच वाक्याची आठवण करून देणारे आहे. मुखपृष्ठावर मॅक्सवेल आर्मफील्ड या इंग्रज चित्रकाराचे घोडेस्वाराचे चित्र आहे. निर्मितीची सूत्रे संचाने स्वतःकडे घेतली होती आणि पुढे डीप पर्पल व आयर्न मेडन यांच्या अल्बमांमुळे नावाजलेले मार्टिन बर्च हे ध्वनिमुद्रणाचे तंत्र सांभाळत होते. स्पेन्सर संचात असूनही या अल्बमवर जवळपास नाहीत. मूळ ब्रिटिश आवृत्तीतील चौदा रचनांपैकी सात कर्वन याच्या, पाच ग्रीन यांच्या आणि फ्लीटवुड व मॅकव्ही यांच्या नावे प्रत्येकी एक, अशी वाटणी आहे. संचाचा नायक असलेल्या कलावंताने अर्धा अल्बम एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती सोपवावा, ही त्या काळच्या गिटारवादकांच्या जगात असामान्य गोष्ट होती, आणि तिचा परिणाम अल्बमच्या पोतावर सर्वत्र जाणवतो.

पहिलीच रचना, ‘कमिंग युअर वे’, कर्वनची आहे. हाताने वाजवल्या जाणाऱ्या तालवाद्यांचा दाट ठेका, त्यावर एकमेकींत गुंतत जाणाऱ्या दोन गिटारी आणि शब्द संपल्यानंतर वेग न वाढवताही वाढत जाणारा ताण, असे तिचे स्वरूप आहे. ब्लूजचा अल्बम म्हणून ती ऐकू लागणाऱ्या श्रोत्याची अपेक्षा ती आरंभीच मोडते. तिच्या पाठोपाठ येणारी ग्रीन यांची ‘क्लोजिंग माय आइज’ ही या अल्बमची खरी नाडी आहे. येथे साचा पूर्णपणे गळून पडला आहे. आवाज जवळजवळ स्वगताच्या पातळीवर ठेवला आहे आणि दोन ओळींच्या मध्ये सोडलेली जागा गिटारने भरून काढण्याचा मोह आवरलेला आहे. १९६९ साली इंग्लंडमधील बहुतेक गिटारवादक अधिक स्वर, अधिक वेग आणि अधिक मोठा आवाज या दिशेने धावत असताना ग्रीन उलट दिशेने चालले होते, आणि या एका निर्णयासाठीही हा अल्बम मोठा ठरतो.

ग्रीन यांच्या वादनाचे मर्म समजून घ्यायचे तर हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला मींड आठवणे उपयोगी पडेल. गिटारची तार पडद्यावर दाबून ती बोटाने आडवी ओढली की स्वर सलग चढत जातो. यालाच बेंड म्हणतात, आणि स्वरांच्या मधली जागा दाखवण्याचे तिचे काम मींडेसारखेच आहे. ग्रीन यांच्या बेंडमध्ये स्वर इच्छित ठिकाणी पोहोचण्याआधी किंचित थांबतो, कधी तेथे पोहोचतच नाही, आणि पोहोचल्यावर त्यावर दिलेले आंदोलन उतावळे नसते. याच्या जोडीला त्यांच्या १९५९ सालच्या गिब्सन लेस पॉल गिटारचा वैशिष्ट्यपूर्ण ध्वनी होता. या गिटारला दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी, जी पोलादी तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करते. ग्रीन यांच्या गिटारमधील एका पिकअपचे चुंबक उलट्या दिशेने बसलेले होते, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की त्यांचे संकेत एकमेकांत मिसळण्याऐवजी एकमेकांतून वजा होत. खालच्या कंपनसंख्यांच्या बाबतीत तार दोन्ही ठिकाणी सारखीच हालत असल्याने खर्जाचा भाग बराचसा नाहीसा होई, आणि उरे तो पोकळ, काहीसा नाकातून आल्यासारखा आणि मानवी आवाजाच्या फार जवळ जाणारा ध्वनी. तरीही चुंबकाच्या या गोष्टीला अवाजवी महत्त्व देणे योग्य नाही. हीच गिटार पुढे गॅरी मूर यांच्याकडे आणि २०१४ साली मेटॅलिकाच्या कर्क हॅमेट यांच्याकडे गेली. दोघेही समर्थ वादक, पण ग्रीन यांचा संयम त्या गिटारबरोबर हस्तांतरित झाला नाही.

‘शो-बिझ ब्लूज’मध्ये ग्रीन परंपरेकडे वळतात, परंतु शिकागोच्या विद्युत ब्लूजकडे नव्हे, तर त्याही मागच्या ग्रामीण परंपरेकडे, स्लाइड गिटार आणि खंजिरीचा ठेका एवढ्यावर ते गाणे उभे आहे, आणि प्रसिद्धीच्या धंद्यात माणसाची खरी विचारपूस कोण करतो, हा त्याचा रोख आहे. ‘रॅटलस्नेक शेक’ ही त्याच्या नेमकी उलट, अंगात रग असलेली रचना आहे. अल्बमवर ती साडेतीन मिनिटांत संपते, पण १९७० च्या फेब्रुवारीत बॉस्टनमधील मैफलींत हीच रचना वीस मिनिटांहून अधिक काळ फुलवली गेली, याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ‘अंडर वे’ ही तीन मिनिटांची शब्दविरहित रचना ‘अल्बाट्रॉस’ची धाकटी बहीण म्हणावी अशी आहे आणि ती संपते तेव्हा अजून ऐकायला हवी होती असे वाटत राहते.

कर्वनच्या रचनांबद्दल समीक्षकांत पूर्वीपासून मतभेद आहेत. ‘व्हेन यू से’ आणि ‘ऑल्दो द सन इज शायनिंग’ ही हळुवार गाणी ब्लूजप्रेमींना परकी वाटली, आणि त्यांपैकी पहिले कधीकधी गोडव्याकडे अधिक झुकते हेही खरे आहे. मात्र हे गाणे त्याच वर्षी क्रिस्टीन परफेक्ट यांनीही गायले, ज्या पुढे क्रिस्टीन मॅकव्ही या नावाने याच संचाच्या प्रमुख गीतकार झाल्या, हे लक्षात घेतले तर उत्तरकालीन फ्लीटवुड मॅकचे बीज येथे रुजलेले दिसते. ‘लाइक क्राइंग’मध्ये कर्वन आणि ग्रीन दोघेच समोरासमोर बसून वाजवत असल्यासारखे ऐकू येतात, आणि त्या दोन मिनिटांत दोघांमधील सांगीतिक स्नेह जितका प्रकट होतो तितका अन्यत्र कोठेही होत नाही.

अल्बमचा दुबळा भाग असेल तर तो ‘फायटिंग फॉर मॅज’ आणि ‘सर्चिंग फॉर मॅज’ या दोन रचना. त्या जॅममधून, म्हणजे पूर्वनियोजनाशिवाय एकत्र बसून केलेल्या उत्स्फूर्त वादनातून, कापून जोडलेल्या आहेत. दुसरीत फिती कापून केलेले जोडकाम मुद्दाम उघडे ठेवले आहे आणि मध्येच वाद्यवृंदाचा तुकडाही येतो. जोश भरपूर असूनही त्यांची एकूण जवळजवळ दहा मिनिटे अल्बमच्या अंतर्मुख स्वभावाशी झगडतात. त्यांपैकी निम्मी वेळ ‘अंडर वे’ला मिळाली असती तर अल्बम अधिक एकसंध झाला असता.

शेवटची रचना ‘बिफोर द बिगिनिंग’ ही ग्रीन यांची आहे. संथ, कोमल स्वरांची आणि कोणतेही उत्तर न देता थांबणारी ही रचना ऐकताना अनेक लेखकांनी तिच्यात पुढील दुर्दैवाची चाहूल शोधली आहे. मे १९७० मध्ये ग्रीन यांनी संच सोडला, पुढे स्किझोफ्रेनियाने त्यांना ग्रासले आणि कित्येक वर्षे ते संगीतापासून दूर राहिले. २५ जुलै २०२० रोजी त्यांचे निधन झाले. कर्वनचे आयुष्यही मद्य आणि बेघरपणा यांत झिजले आणि २०१८ साली तो गेला. या शोकांतिका खऱ्या आहेत, पण त्यांच्या प्रकाशात हा अल्बम ऐकणे हा दोघांवरही अन्याय आहे, कारण या अल्बममधील दुःख हे आजारी मनाचे उद्गार नसून पूर्ण ताबा असलेल्या कलावंतांनी मोजूनमापून केलेले काम आहे. प्रत्येक विराम किती लांबवायचा, आवाज कोठे खाली आणायचा, साचा कोठे सोडायचा आणि कोठे पुन्हा धरायचा, हे सर्व येथे विचारपूर्वक ठरलेले ऐकू येते. ब्लूज हा बारा बारांचा हिशेब नसून दुःखाशी खोटे न बोलण्याची वृत्ती आहे, हे ग्रीन यांनी ओळखले, आणि म्हणूनच साचा सोडलेल्या गाण्यांतही हा अल्बम ब्लूजचाच राहतो.

ऐकू इच्छिणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेत निघालेल्या पहिल्या आवृत्तीतून ‘वन सनी डे’ आणि ‘विदाउट यू’ ही गाणी वगळली होती. ‘ओह वेल’ ही दोन भागांची, नऊ मिनिटांची रचना वेगळी तबकडी म्हणून ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेल्यावर तिला जागा करून देण्यासाठी अमेरिकेतील पुढच्या आवृत्तीत आणखी दोन गाणी काढून टाकण्यात आली. त्यामुळे बाजारात या अल्बमची परस्परांशी न जुळणारी अनेक रूपे फिरत राहिली. २०१३ साली निघालेल्या आवृत्तीत मूळ ब्रिटिश क्रम पूर्ववत केलेला असून ‘ओह वेल’ शेवटी जोडलेले आहे. प्रथमच ऐकणाऱ्याने तीच आवृत्ती घ्यावी, चौदा रचना क्रमाने ऐकाव्यात आणि ‘ओह वेल’ दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे.