सामायिक तार आणि दूरचा सर्व्हर

पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनीं सांभाळली आहे, त्या नाशिककडील बागाइतदारांस सामायिक टेलिफोन-तारेवरून दूरचा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, कसा चालवीत हें सहज उमगेल. मोडेम सेकंदास फार तर ५६,००० बिट, म्हणजे सुमारें ७,००० रोमन अक्षरें नेई. यास्तव जाणता मनुष्य चित्रें मागवीत नसे. अक्षरी हुकूम धाडी, नोंदी आधीं तयार ठेवून मगच फोन लावी, आणि काम होतांच तार दुसऱ्यास मोकळी करी.

खरी अडचण तार मध्येंच तुटल्यावर. उंसाच्या वजनाची नोंद पोंचली कीं नाहीं? पुन्हां धाडावी तर वजन दोनदां चढेल. न धाडावी तर शेतकऱ्याचे पैसे बुडतील! म्हणून प्रत्येक नोंदीस क्रमांक हवा. तोच क्रमांक पुन्हां आल्यास सर्व्हरनें दुसरी प्रत टाकून द्यावी.

वारणानगरास १९९८ सालीं ७० गांवें साखर कारखान्याशीं संगणकांनीं जोडण्याची योजना निघाली. पुढें २००६-०७ च्या सुमारास कांहीं गांवांत संगणकाच्या जागीं मोबाइलचे लघुसंदेश वापरून पाहिले. काम अडलें नाहीं. शेतकऱ्यास हवे होते ते मुळांत चार आंकडेच.