म्हातारचळ नव्हे, आजार : सभेत विचारायचा राहून गेलेला प्रश्न

तेंदूचा हंगाम होता. घरातली सारी कर्ती माणसे पहाटेच पाने तोडायला जंगलात गेलेली. घरी सत्तरी ओलांडलेली आजी आणि सहा-सात वर्षांची नात. दुपारी नात शेजारी खेळायला गेली आणि आजी उठून चालू लागली. कुठे? तर माहेरी. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या त्या घरी. संध्याकाळी माणसे परतली, शोधाशोध सुरू झाली. रात्रभर हाका मारल्या. सकाळी आजी नाल्याच्या काठी बसलेली सापडली. वाघाचा वावर असलेला तो भाग. दैव बलवत्तर म्हणून ती वाचली.

तिला दवाखान्यात आणले तेव्हा मी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. सून म्हणाली, ''डॉक्टरसाहेब, बुढीले चळ लागला जी. घर इसरते, पोरांचे नाव इसरते. काही औषध हाये का?'' मी खरचटलेल्या पायांना पट्टी बांधली, सलाईन लावले आणि 'वयाचे आहे, सांभाळा' असे सांगून घरी पाठविले. रजिस्टरमध्ये लिहिले 'अशक्तपणा'. तिच्या खऱ्या आजारासाठी रजिस्टरात रकानाच नव्हता. आज निवृत्तीनंतर ती नोंद आठवली की मान खाली जाते.

वाचकहो, आजचा विषय हाच आहे. त्या आजीला जे झाले होते त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. आणि त्या रकान्याची चौकशी करण्याचा अधिकार आपण निवडून दिलेल्या माणसांना आहे.

साठी बुद्धी नाठी?

ही म्हण आपण सहज बोलून जातो. पण साठीनंतर प्रत्येकाची बुद्धी नासत नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकते. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे हा आजार आहे. रोजच्या वाटेवर हरवणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, चुलीवर भांडे ठेवून विसरणे, पैशांचा हिशेब न जमणे, सुनेवर चोरीचा आळ घेणे, ही लक्षणे हळूहळू वाढत गेली तर ती गांभीर्याने घ्यावीत. जर्मन डॉक्टर अलॉयस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका स्त्री रुग्णाच्या मेंदूतील बदल जगापुढे मांडले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा अल्झायमर हा या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा मोठा प्रकार.

आपल्या देशात हा आजार किती? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील शंभर माणसांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली वीस हजार लोकसंख्या असावी असा निकष आहे. त्यात दोन हजार ज्येष्ठ धरले, तर याच हिशेबाने एका केंद्राच्या हद्दीत दीडशेच्या आसपास रुग्ण निघतील. माझ्या रजिस्टरात एकही नव्हता.

प्रत्येक विसरणे स्मृतिभ्रंश नव्हे

येथे एक महत्त्वाची सूचना. म्हातारे माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागले, ओळखेनासे झाले, तर तो स्मृतिभ्रंश नाही असे समजून तातडीने दवाखाना गाठावा. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ताप आणि बरळणे एकत्र दिसले तर मेंदूचा हिवताप असू शकतो. रक्ताची तपासणी लगेच झाली पाहिजे. लघवीचा जंतुसंसर्ग, उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होणे, डोक्याला मार लागून आत रक्त साचणे यांनीही असा भ्रम होतो आणि वेळीच उपचार झाले तर तो बरा होतो.

हळूहळू वाढणाऱ्या विसरण्यामागेही कधी कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, मनाची उदासी, दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतात. बहिरेपणा आणि मोतीबिंदूमुळे तर धडधाकट बुद्धीचा माणूसही वेडगळ ठरविला जातो. म्हणून तपासणीआधी 'चळ लागला' असा शिक्का मारू नये.

आपल्या जिल्ह्याचा धडा

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना धक्का बसला. मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हिवताप नव्हते, क्षयही नव्हता. ते होते पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो. सातांपैकी एक मृत्यू लकव्याने!

आता जोड लावून पाहा. लकव्यातून जो वाचतो, त्याची स्मरणशक्ती जाण्याचा धोका मोठा असतो. लकव्याचे मूळ पुष्कळदा वाढलेल्या रक्तदाबात असते. म्हणजे गावात रक्तदाब मोजला गेला आणि त्याची गोळी दर महिन्याला न चुकता मिळाली, तर लकवाही टळतो आणि काही स्मृतिभ्रंशही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये चौदा कारणे दाखवून दिली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, बहिरेपणा, मोतीबिंदूसारखे दृष्टीचे दोष, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण ही त्यांतली काही. ही सारी दूर करता आली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असे त्यांचे म्हणणे. कोळशाच्या धुळीत राहणाऱ्या चंद्रपूरकरांनी ही यादी दोनदा वाचावी.

कागदावर काय आहे?

पुष्कळ आहे. केंद्राचा ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी दहा खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांचा बाह्यरुग्ण विभाग सांगितला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासूनचा. आशाताई घरोघर जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढील माणसाला एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

पाहा, नेमका प्रश्न आहे! आता रकानाही आहे. पण 'होय' असे उत्तर आले की पुढे काय? ती आजी कोणाकडे पाठवायची, कोण तपासणार, औषध कुठे मिळणार, आणि भामरागड किंवा सिरोंच्याहून दीडशेहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या गडचिरोलीला तिला नेणार कोण? फॉर्म भरला गेला म्हणजे सेवा मिळाली असे नव्हे.

विचारणार कोण?

१९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. जिल्हा परिषदेची आरोग्य समिती ही निवडून आलेल्या सदस्यांची, आणि जिल्हा आरोग्य अधिकारी तिचे सचिव. जिल्हा रुग्णालय मात्र राज्य शासनाचे, तेथे जिल्हा शल्यचिकित्सकांचा कारभार. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण गावात असतो आणि तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसे होते.

मी अशा बऱ्याच सभांना हजर राहिलो. इमारतीची गळती, रुग्णवाहिकेचे डिझेल, रिक्त पदे, सर्पदंशाची लस, हेच विषय. सगळे खरे आणि गरजेचे. पण एका सभेत एक सदस्या उठून म्हणाल्या, ''साहेब, गरोदर बायांची यादी तुमच्यापाशी आहे, लेकरांची आहे. आमच्या घर विसरणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी कुठे आहे?'' दोन-चार जण हसले. अधिकारी म्हणाले, पाहू. मीही खाली मान घालून बसलो. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले गेले, त्यात तो प्रश्न नव्हता. जे इतिवृत्तात नाही, त्याचा अनुपालन अहवाल कोण देणार? प्रश्न तेथेच संपला.

इंग्लंडमध्ये २००१ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलच्या सदस्यांना आरोग्यसेवेची छाननी करण्याचा आणि अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारण्याचा अधिकार मिळाला. २००९ मध्ये तेथे स्मृतिभ्रंशाचे राष्ट्रीय धोरण आले. अंदाजे रुग्णांपैकी किती जणांचे निदान झाले याचे भागवार आकडे तेथे प्रसिद्ध होतात, म्हणून सदस्याला आकड्यावर बोट ठेवून बोलता येते. आपल्याकडे केरळने २०१४ मध्ये राज्याचा उपक्रम सुरू करून अशा रुग्णांसाठी दिवसभराची काळजी केंद्रे काढली. तेव्हा हे श्रीमंत देशांचेच काम आहे असे मानू नये.

आपल्याकडे दुसरीच अडचण आली. २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सदस्य नाहीत तेव्हा आरोग्य समितीही नाही. अशा वेळी ग्रामसभा तरी असतेच. 

हे पाच प्रश्न लिहून ठेवा

सभा ग्रामसभेची असो वा आरोग्य समितीची, प्रश्न लेखी द्यावा, इतिवृत्तात घ्यायला लावावा आणि पुढच्या सभेत अनुपालन मागावे.

१. आमच्या केंद्रात ज्येष्ठांच्या तपासणीचा वार कोणता? तो फलकावर लिहिला आहे काय?

२. सीबॅक फॉर्ममध्ये विसरण्याच्या प्रश्नाला किती जणांचे 'होय' आले? त्यांतील किती जणांना डॉक्टरांनी तपासले?

३. रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या वर्षात किती दिवस संपलेल्या होत्या?

४. जिल्हा रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला कोणत्या दिवशी येतात? तपासणी गोंडी, माडिया बोलणाऱ्यांना समजेल अशी होते काय? तारीख आणि पंतप्रधानांचे नाव विचारून निरक्षर आजीची परीक्षा होत नाही. मोह केव्हा पडतो, बाजार कोणत्या वारी भरतो, हे तिला विचारावे. १९९५ मध्ये हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदीत अशी चाचणी तयार झाली. आपल्या भाषांत ती का नसावी?

५. पैसा कुठून? खाणींच्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. २०१५ च्या केंद्रीय योजनेत आरोग्य आणि वृद्ध व अपंगांचे कल्याण ही अग्रक्रमाची कामे म्हणून नमूद आहेत. त्यातून किती रक्कम वृद्धांसाठी गेली?

घरच्यांसाठी दोन शब्द

स्मृतिभ्रंश पूर्ण बरा करणारे औषध नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडतो. खरी सेवा घरातच होते आणि ती बहुधा सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते. रुग्णाशी वाद घालू नये. माहेरी जायचे म्हणाली तर ''जाऊ, आधी चहा घे'' म्हणावे. दिवसाचा क्रम एकच ठेवावा. दाराला घुंगरू बांधावे, म्हणजे दार उघडले की कळते. गळ्यातल्या ताइतात नाव आणि गावाची चिठ्ठी घालावी. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. तेंदू, मोहाच्या हंगामात पोलीस पाटील आणि शेजारी यांना आधी सांगून ठेवावे. बांधून मात्र कधीही ठेवू नये. आणि सेवा करणारीला आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी द्यावी, तीही माणूसच आहे. मन थकले तर टेलिमानसच्या १४४१६ या आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

ती आजी त्यानंतर दोन पावसाळे जगली. शेवटी शेवटी तिला सुनेचे नाव आठवत नसे, पण सुनेचा हात धरला की ती शांत होई. माझ्या केंद्राने त्या सुनेला दोन वर्षांत काहीही दिले नाही, कारण आमच्याकडे कोणी मागितले नाही आणि आम्ही आपणहून विचारले नाही. पुढच्या ग्रामसभेत आपल्यापैकी एकाने उठून पहिला प्रश्न जरी विचारला, तरी निदान फलकावर तपासणीचा वार लिहिला जाईल. आणि अशा एखाद्या सुनेला सासूला घेऊन कोणत्या दिवशी यायचे, एवढे तरी कळेल.