औषधांना दाद न देणारे नैराश्य आणि विमा

अमरावती-अकोला परिसरातील रुग्णांच्या नातेवाइकांच्या माहितीसाठी आम्ही हे नमूद करीत आहोत. दोन औषधे योग्य मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही गुण न आल्यास भूल देऊन शॉक उपचार किंवा चुंबकीय उपचार (आरटीएमएस) सुचविले जातात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तथापि, भरती न होता घेतलेला उपचार पुष्कळ पॉलिसींत बसत नाही. म्हणून उपचारापूर्वीच लेखी मंजुरी मागावी. पूर्वीची औषधे, मात्रा व कालावधी नमूद केलेले डॉक्टरांचे पत्र सोबत जोडावे. नकारही लेखीच घ्यावा. कंपनीकडे तक्रार करूनही महिनाभरात निवारण न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. विम्याबाहेर राहणाऱ्या गरजू रुग्णांना मात्र देणगीदारांचाही आधार मोलाचा ठरतो.