जामीन राहण्यापूर्वी : स्पार्टाच्या किलॉनचा इशारा

आप्तेष्टाने ‘केवळ जामीनदार म्हणून’ सही मागितली, तर नाही म्हणणे कठीण जाते. नकार दिला तर नाते दुखावते. होकार दिला तर कधीकधी घर धोक्यात येते. या पेचाविषयी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये दिला गेलेला एक इशारा प्रसिद्ध आहे. तो स्पार्टाच्या किलॉनच्या नावावर सांगितला जातो.

किलॉन हा दामागेतसचा पुत्र. इ. स. पूर्व ५५६ च्या सुमारास तो स्पार्टाचा ‘इफोर’ झाला. इफोर पाच असत, ते दरवर्षी निवडले जात आणि राजांच्या वर्तनावरही त्यांची देखरेख असे. प्लेटोने ‘प्रोटागोरस’ या संवादात ग्रीसच्या सात ज्ञानी पुरुषांची नावे दिली आहेत, त्यांत किलॉन आहे. तो इतका मितभाषी होता, की मोजके बोलण्याच्या त्या शैलीला त्याचेच नाव पडले.

डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरात तीन वचने विशेष मानली जात. स्वतःला ओळखावे, हे पहिले. कशाचाही अतिरेक नसावा, हे दुसरे. जो जामीन राहतो त्याच्या पाठोपाठ संकट येते, हे तिसरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने डेल्फीची सुवर्णाक्षरांतील तीन वचने किलॉनची म्हणून नोंदविली आहेत. तिसऱ्या वचनाचा आशय तो असा देतो, की कर्ज आणि कोर्टकज्जे यांच्यासोबत दुःख येतेच.

ही तीन वचने वरवर वेगळी भासतात. वस्तुतः तिसरे वचन हा पहिल्या दोहोंचा व्यवहारातील प्रयोगच आहे. आपली ऐपत ओळखणे आणि तिच्या मर्यादेत राहणे, हीच जामीनकीची खरी कसोटी होय.

बँकेतील दीर्घ सेवेत एक गैरसमज मला वारंवार आढळला. ‘बँक आधी कर्जदाराकडून वसूल करील, काही उरले तरच आपल्याकडे येईल,’ असे जामीनदार समजतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १२८ निराळे सांगते. करारात अन्य तरतूद नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपेपर्यंत थांबण्याचे बंधन धनकोवर नसते. कॅश क्रेडिटसारख्या खात्याची चालू हमी तर वर्षानुवर्षे मागे राहू शकते. याउलट, डिमॉस्थेनीसच्या नावावर असलेल्या एका भाषणात, जामीनकी एका वर्षापुरतीच असावी, अशा अथेन्सच्या कायद्याचा उल्लेख आहे.

मग किलॉन मित्राकडे पाठ फिरवा, असे सांगतो काय? मुळीच नाही. मित्राच्या उत्कर्षात जाण्यापेक्षा त्याच्या आपत्तीत अधिक त्वरेने जावे, हाही उपदेश त्याचाच मानला जातो. अप्रामाणिक लाभापेक्षा तोटा बरा, असेही तो सांगे. कारण तोट्याचे दुःख एकदाच होते, त्या लाभाचे मात्र कायमचे.

त्याच्या अखेरच्या दिवसांची एक कथा डायोजिनीस लाएर्शियस या चरित्रकाराने दिली आहे. आयुष्यात आपण जाणूनबुजून कायदा मोडला नाही, असे किलॉन म्हणाला. केवळ एका प्रसंगाविषयी त्याच्या मनात शंका होती. मित्रावरील खटल्यात त्याने स्वतः कायद्याप्रमाणे दोषी असा निर्णय दिला, पण मित्र सुटावा म्हणून सहकाऱ्यांचे मन वळविले. कायदाही राहावा आणि मित्रही, ही त्याची इच्छा होती. मैत्री आणि कर्तव्य यांची ओढाताण या ज्ञानी पुरुषालाही चुकली नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही संपूर्ण रक्कम उद्या मलाच भरावी लागली, तर घरच्यांना झळ न लागता मी ती भरू शकेन काय? उत्तर होकारार्थी असेल तर कागद नीट वाचून सही करावी. नसेल तर नम्रपणे नकार द्यावा आणि आपल्याला झेपेल तेवढी रक्कम त्याच्या हाती ठेवावी. अशा मदतीत नातेही टिकते आणि घरही.