कासवाच्या पिल्लाला काय खाऊ घालाल?

मत्स्यालयाच्या दुकानातून येणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू मूळचे अमेरिकेतले. नाव रेड-इअर्ड स्लायडर. नांदगाव पेठेत काय नि अमरावतीत काय, सोबत मिळालेल्या सुक्या झिंग्यांच्या डबीवरच त्याला वाढवले, तर कवच मऊ पडते, डोळे सुजून मिटतात. पहिले कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तुटीने, दुसरे बहुधा ‘अ’च्या.

वाढत्या पिल्लाला प्रथिने जास्त लागतात. मोठेपणी तेच कासव पाल्याकडे वळते. म्हणून लहानपणी रोज कासवांच्या गोळ्या, अधूनमधून गांडूळ आणि सोबत हिरवा पाला द्यावा. परसातल्या शेवग्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर असते. ‘अ’साठी किसलेले गाजर किंवा आपले कोहळे, म्हणजे लाल भोपळा. पालक रोज नको. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरते. पोळी, भात, दूध तर नकोच. खाणे पाण्यातच टाकावे, कोरड्यावर त्याला गिळता येत नाही.

उन्हाशिवाय हे सगळे वाया. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही, कारण उपयोगाचे अतिनील किरण काच अडवते. सकाळचे कोवळे ऊन द्यावे, पण सावलीही हवी. वऱ्हाडातल्या मे महिन्यात टबातले पाणी तापून पिल्लू दगावू शकते.

अंगावर चांदण्यांची नक्षी असलेले किंवा विहिरीतले देशी कासव पाळणे मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नकोसा झालेला स्लायडर तलावात सोडू नये. तो देशी कासवांचे खाणे आणि जागा बळकावतो. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्याच कारणाने अमेरिकेत १९७५पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी आहे.