नाद खुळा! कोल्हापूरची हलगी, बर्मिंगहॅमचं मेटल आणि मैदानातल्या गर्दीचं नातं काय?

कोल्हापुरात 'नाद' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे आवाज आणि दुसरा म्हणजे वेड. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, गाड्यांचा नाद आणि हो, रॉक-मेटलचाही नाद. कानाला हेडफोन लावून आयर्न मेडन किंवा मेटॅलिका ऐकणारी आणि संध्याकाळी शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या टीमसाठी घसा फोडणारी पोरं या गावात आहेत. घरच्यांना दोन्ही गोष्टी एकसारख्याच वाटतात: "नुसता गोंगाट!"

घरच्यांचं अगदीच चुकत नाही. बँडचा चाहता आणि टीमचा समर्थक यांची घडण बरीचशी सारखी असते. दोघंही ठरावीक रंगाचा टी-शर्ट घालतात, दोघांनाही जुन्या लढाया आणि जुने अल्बम तोंडपाठ असतात, आणि दोघंही "आमचं ते भारी" यावर तासभर भांडू शकतात. पण मग एक प्रश्न उरतो. मेटलच्या कॉन्सर्टमध्ये माणसं एकमेकांवर आदळतात, तरी शेवटी गळ्यात गळे घालून घरी जातात. फुटबॉलच्या गॅलरीत मात्र कधी कधी दगड आणि बाटल्या उडतात. असं का होतं? कोल्हापूरसाठी हा प्रश्न नुसता गमतीचा नाही.

तिथे चर्च आणि गोदी, इथे तालीम

आधी बर्मिंगहॅमला जाऊ. इंग्लंडमधलं हे कारखान्यांचं शहर. त्यातल्या ॲस्टन भागातली चार पोरं १९६८ साली एकत्र आली आणि पुढे त्यांचा ब्लॅक सॅबथ झाला. हेवी मेटलची सुरुवात इथून झाली असं सहसा मानलं जातं. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७ व्या वर्षी मशीनमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं बोटांना टोप्या बनवल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खोल आवाज आणखी जड झाला. मेटलचा आवाज कारखान्यातून आला असं म्हणतात, ते असं.

याच ॲस्टनमधला फुटबॉल क्लब म्हणजे ॲस्टन व्हिला. १८७४ साली एका चॅपलमध्ये जमणाऱ्या तरुणांनी तो काढला. ५ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तो याच क्लबच्या व्हिला पार्क मैदानावर. गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला गेला. शेवटचा कार्यक्रम लंडनच्या एखाद्या सभागृहात नाही, तर आपल्या गल्लीच्या फुटबॉल ग्राउंडवर.

आयर्न मेडनची गोष्ट पूर्व लंडनची. बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस वेस्ट हॅम युनायटेडचा कट्टर समर्थक. लहानपणी तो या क्लबकडे सरावाला जायचा आणि त्याच्या बेस गिटारवर क्लबचं बोधचिन्ह असतं. वेस्ट हॅमचा जन्म १८९५ साली थेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या कामगारांतून झाला, म्हणून समर्थक आजही टीमला 'आयर्न्स' म्हणतात. 'अप द आयर्न्स' ही आरोळी वेस्ट हॅमच्या गॅलरीतही घुमते आणि आयर्न मेडनच्या कॉन्सर्टमध्येही.

आता कोल्हापूरला या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरच्या फाउंड्री, लेथ यांच्यामुळे लोखंड या गावालाही नवं नाही. पण इथला फुटबॉल कारखान्यातून आला नाही, तो तालमीतून आला. टीमची नावंच बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार पेठ. जगात फुटबॉल क्लबच्या नावात कुस्तीचा आखाडा क्वचितच सापडेल, इथे तो नेहमीचाच आहे. एकच मंडळ गणपती बसवतं, त्याच मंडळाची फुटबॉल टीम उतरते आणि त्याच चौकात विजयाचा गुलाल उधळला जातो.

म्हणजे ॲस्टनमध्ये चॅपल, पूर्व लंडनमध्ये गोदी आणि कोल्हापुरात तालीम. टीम मोठी होण्याआधी ती गल्लीची होती. म्हणूनच इथल्या सामन्यात हरते ती फक्त टीम नसते, अख्खी पेठ हरल्यासारखं वाटतं. वर्ल्ड कप आला की हेच गाव ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन तटांत उभं राहतं, गल्लोगल्ली झेंडे लागतात. पण ते प्रेम पाहुण्यांवरचं. पेठेवरचं प्रेम घरचं.

गाणं आधी कुणाचं: गॅलरीचं की बँडचं?

रॉक संगीत आणि मैदान यांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. क्वीन या बँडचं 'वी विल रॉक यू' सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी. १९७७ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला क्वीनचा कार्यक्रम संपला, तरी प्रेक्षक हलेनात. ते सगळे मिळून 'यू विल नेव्हर वॉक अलोन' गायला लागले. हे गाणं मूळचं १९४५ च्या एका संगीत नाटकातलं, पण तोवर ते लिव्हरपूलच्या फुटबॉल समर्थकांचं झालं होतं. गिटारवादक ब्रायन मे विचारात पडला: दाटीवाटीनं उभ्या असलेल्या हजारो माणसांना एकत्र काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. त्यातून हे गाणं आलं. म्हणजे गॅलरीनं बँडला शिकवलं आणि बँडनं ते जगभरच्या गॅलऱ्यांना परत दिलं.

दुसरं उदाहरण 'सेव्हन नेशन आर्मी'. व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन बँडचं २००३ सालचं गाणं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगाचे समर्थक मिलानला सामन्यासाठी गेले होते. तिथल्या बारमध्ये त्यांनी हे गाणं ऐकलं. त्या रात्री ब्रुगानं बलाढ्य एसी मिलानला १-० नं हरवलं आणि समर्थकांनी शब्द सोडून नुसती गिटारची धून गायली. पुढे २००६ साली रोमाच्या समर्थकांनी ती उचलली आणि त्याच उन्हाळ्यात इटलीनं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा ती अख्ख्या देशाची झाली. कुठल्याही कंपनीनं किंवा संघटनेनं ती लादली नव्हती.

इथे एक मत नोंदवायलाच हवं. लाउडस्पीकरवरून "आवाज करा" असं सांगून काढलेला आवाज आणि गॅलरीनं स्वतः काढलेला आवाज यांत मोठा फरक आहे. टी-ट्वेंटीच्या सामन्यात चौकार गेला की डीजे दहा सेकंदांचं गाणं वाजवतो, मग बंद करतो. प्रेक्षक तिथे ऐकणारा असतो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत प्रेक्षकच वाजवणारा असतो. मेटलच्या चाहत्याला डॉल्बीपेक्षा हलगी जवळची वाटते, ती यामुळे. चामडं आणि काठी यांचा आवाज माणसाच्या हातातून निघतो, आणि तो वाढतो किंवा थांबतो तो खेळ बघून.

एका तालावर आलं की काय होतं?

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की काही मिनिटं एका तालावर चाललेली किंवा गायलेली माणसं नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सहकार्य करतात. २०१० साली ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर प्रयोग झाला. तेवढीच मेहनत एकट्यानं केली आणि संघाबरोबर केली, तर संघाबरोबर केल्यावर वेदना सोसायची ताकद जास्त वाढलेली दिसली. एकत्र हलण्यानं शरीरात सुखावणारी रसायनं जास्त स्रवत असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आणि रागीट संगीतानं माणूस रागीट होतो, या समजाचं काय? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली एक्स्ट्रीम मेटल ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम चिडवलं गेलं, मग काहींना त्यांच्या आवडीचं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, उलट त्यांना हुरूप आल्यासारखं वाटलं. ३९ हा आकडा लहान आहे, पण "हे ऐकून पोरं बिघडतात" म्हणणाऱ्यांकडे तेवढाही पुरावा नसतो.

मॉश पिटचाही अभ्यास झालाय. स्टेजसमोर माणसं एकमेकांवर आदळत नाचतात तो हा भाग. कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी कॉन्सर्टचे व्हिडिओ तपासले आणि २०१३ साली लिहिलं, की या गर्दीची हालचाल वायूच्या कणांसारखी असते. बाहेरून सगळा गोंधळ वाटतो. आत मात्र एक अलिखित नियम असतो: कुणी पडलं तर आधी त्याला उचलायचं. प्रत्येक वेळी तो पाळला जातोच असं नाही. पण तो मोडणारा माणूस तिथे हिरो ठरत नाही.

मग गॅलरीत बिघडतं कुठे?

ताल माणसांना जोडतो, पण कुणाविरुद्ध जोडायचं हे ताल ठरवत नाही. कॉन्सर्टमध्ये सगळे एकाच बाजूचे असतात. फुटबॉलमध्ये समोरच्या गॅलरीत दुसरा ताल वाजत असतो. 'आपण' जितकं घट्ट होतं, तितकं 'ते' वेगळं दिसायला लागतं.

कोल्हापूरकडे याचं तिसरं उदाहरण आहे, ते म्हणजे खासबाग. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. रोमचं कलोझियम पाहून त्यांनी हे मैदान उभारायचं ठरवलं आणि १९१२ साली ते सुरू झालं. मैदान वाडग्यासारखं आहे, मधोमध लाल मातीचा आखाडा, त्यामुळे कुठेही बसलं तरी कुस्ती दिसते. इथेही हलगी, घुमकं आणि कैताळ कडाडतं. पण इथली हलगी एका पैलवानाची नसते, कुस्तीची असते. डाव रंगला की लय चढते, मग पट कुणीही काढो. कुस्ती चितपट झाली की कडकडाट होतो आणि जिंकलेल्याची फेरी निघते. ईर्षा इथेही कमी नाही, पण आवाज दोघांचा सामायिक आहे.

फुटबॉलच्या गॅलरीत आवाज वाटला गेलाय. त्यात अनेक वर्षांच्या पेठांच्या ईर्षेची भर पडते. कोल्हापुरात सामन्यांनंतर समर्थक भिडण्याचे, दगड-बाटल्या फेकण्याचे, सामने थांबवण्याचे आणि पोलिसांत गुन्हे दाखल होण्याचे प्रकार अनेकदा घडलेत. स्थानिक पेपरात याला एक ठरलेला शब्द आहे: हुल्लडबाजी.

याची किंमत कोण भरतं? गुन्हा दाखल झालेलं पोरगं उद्या पोलीस भरतीला किंवा पासपोर्टसाठी चारित्र्य पडताळणीला जातं, तेव्हा गॅलरीतली ती पाच मिनिटं कागदावर समोर येतात. दुसरी किंमत खेळाडू भरतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. असे खेळाडू ज्या वातावरणात घडतात, ते वातावरणच सामने थांबले की आटतं.

उपाय: आवाज बंद नाही, ओळख मोठी

पहिला सुचणारा उपाय म्हणजे वाद्यं बंद, प्रवेश बंद, बंदोबस्त दुप्पट. युरोपचा अनुभव वेगळं सांगतो. २००४ साली पोर्तुगालमध्ये युरो कप झाला. तेव्हा इंग्लंडचे समर्थक हुल्लडबाजीसाठी बदनाम होते. पोर्तुगालच्या शहरी पोलिसांनी गर्दीच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा सल्ला घेतला. दंगलीचा पोशाख नजरेआड ठेवला, साध्या गणवेशातले पोलीस समर्थकांत मिसळून बोलत राहिले, आणि कुणी गडबड केली तर फक्त त्यालाच बाजूला काढलं. या पोलिसांच्या हद्दीत मोठा दंगा झाला नाही. तिथे समर्थकच आपल्यातल्या भांडखोराला आवरू लागले. वेगळ्या पोलीस दलाच्या हद्दीतल्या अल्बुफेरा या पर्यटन गावात मात्र दंगल झाली.

कारण सोपं आहे. सगळ्या गॅलरीला गुन्हेगार समजून काठी उगारली, की शांत बसलेला माणूसही दगड मारणाऱ्याच्या बाजूला ढकलला जातो. एकट्याला पकडलं, तर तो एकटाच राहतो.

कोल्हापुरात हे करायला पोर्तुगालहून कुणी यायची गरज नाही. तालमीत वस्तादाचा शब्द मोडत नाहीत, हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मंडळाच्या ज्येष्ठांनी स्वतः गॅलरीत उभं राहणं, बाटली फेकणाऱ्याला मंडळानंच बाहेर काढणं, शिक्षा पेठेला न करता त्या माणसाला करणं, आणि सामना संपल्यावर दोन्हीकडच्या हलग्या एकदा तरी एकत्र वाजणं, एवढं जमण्यासारखं आहे.

पेठेचा अभिमान सोडा असं कुणी म्हणत नाही. तो गेला तर कोल्हापूरचा फुटबॉल इतर कुठल्याही गावासारखा होईल. पण मॉश पिटमधला अनोळखी माणूस पडलेल्याला हात देताना त्याची पेठ विचारत नाही. समोरच्या गॅलरीतलं पोरगं तर अनोळखीही नसतं. ते आपल्याच कॉलेजात असतं, आपल्याच फाउंड्रीत पाळीला येतं. नाद तोच ठेवावा, फक्त 'आपण'मध्ये त्यालाही मोजावं.